‘होतो’ आले की ‘हॅड’: भूतकाळातील एका हट्टी चुकीचे निदान आणि दुरुस्ती

काल मालवणला जाऊन आलेला माणूस ती गोष्ट इंग्रजीत सांगू लागला की, बहुतेक वेळा ‘आय हॅड गॉन टू मालवण यस्टरडे’ असे म्हणतो. ‘आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग’, ‘वी हॅड सीन डॉल्फिन्स ॲट तारकर्ली’, ‘व्हेअर हॅड यू गॉन?’ ही त्याच जातीची वाक्ये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्रौढांना मी इंग्रजी शिकवतो. न्याहारी निवास चालवणारी जोडपी, पर्यटकांना किल्ले दाखवणारे तरुण आणि मुंबईत मुलाखतीला निघालेले पदवीधर अशा सर्वांकडून ही वाक्ये ऐकू येतात. शब्द योग्य असतात, क्रियापदाचे तिसरे रूप अचूक असते, तरीही या चारही वाक्यांत ‘हॅड’ नको असते. चूक दाखवली की लगेच समजते, वहीत दुरुस्तही होते आणि दुसऱ्या दिवशी बोलताना पुन्हा तीच तोंडी येते. अशा रीतीने पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या या एकाच चुकीचा येथे सविस्तर विचार केला आहे. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा गोंधळ किंवा ‘द’ केव्हा लावावे हा प्रश्न यांना वेगळी जागा लागेल.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ही चूक अज्ञानातून होत नाही. ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही, ते ‘आय गो यस्टरडे’ म्हणतात. ज्यांनी काळांचे तक्ते मन लावून पाठ केले आहेत, त्यांच्याच बोलण्यात ‘हॅड’ अधिक येते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे आजच्या तरुणांनी हे तक्ते लहानपणीच पाहिलेले असतात. अडचण त्या तक्त्यातील नावांत दडलेली आहे. मराठी व्याकरणात ‘मी गेलो’ हा साधा भूतकाळ, ‘मी गेलो आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘मी गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ असतो. इंग्रजीच्या तक्त्यातही हीच तीन नावे, त्याच क्रमाने, ‘वेंट’, ‘हॅव गॉन’ आणि ‘हॅड गॉन’ यांच्यासमोर छापलेली असतात. नावे सारखी असली की कामेही सारखी असतील असे विद्यार्थी गृहीत धरतो, आणि ‘होतो’ दिसताच ‘हॅड’ लिहून मोकळा होतो.

मात्र ही दोन रूपे प्रत्यक्षात वेगवेगळी कामे करतात, आणि तो फरक आपल्याच भाषेकडे जरा लक्षपूर्वक पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘काल मी मालवणला गेलो’ एवढेच म्हणून आपण थांबलो, तर ऐकणारा ‘बरे, मग?’ या अपेक्षेने आपल्याकडे पाहत राहतो, कारण नुसते ‘गेलो’ हे गोष्टीतले एक पाऊल वाटते आणि पुढचे पाऊल यायचे बाकी आहे असे भासते. याउलट ‘काल मी मालवणला गेलो होतो’ असे म्हटले की, जाणे झाले, येणे झाले, विषय पूर्ण झाला आणि आता तो माहिती म्हणून सांगितला जात आहे, हे सगळे त्या एका ‘होतो’ने कळते. म्हणून एखादी घटना सुटी सांगायची असेल, तर मराठी माणूस सहजपणे ‘होतो’ वापरतो. इंग्रजीत याच्या अगदी उलट घडते. ‘आय वेंट टू मालवण यस्टरडे’ हे वाक्य स्वतःपुरते पूर्ण असते आणि ‘आय हॅड गॉन टू मालवण’ असे म्हणून थांबले, तर इंग्रज श्रोता ‘बरे, मग?’ म्हणून वाट पाहू लागतो. ‘हॅड’ त्याला सांगते की भूतकाळातच आणखी एक क्षण आहे आणि हे जाणे त्या क्षणाच्या आधीचे आहे. तो क्षण आपण सांगितलाच नाही, तर त्याच्या दृष्टीने वाक्य अर्ध्यावर तुटते.

याला दुसरे एक कारण जोडले जाते, आणि त्याचा दोष बऱ्याच अंशी शिकवण्याच्या पद्धतीकडे जातो. ‘हॅड म्हणजे फार पूर्वी घडलेले’ हे वाक्य अनेकांनी वर्गात ऐकलेले असते आणि ते मनात पक्के बसलेले असते. इंग्रजीत घटना किती जुनी आहे याला या बाबतीत काही महत्त्व नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम 1664 साली सुरू झाले. तरीही ते इंग्रजीत सांगताना ‘द वर्क बिगॅन इन 1664’ एवढेच म्हणायचे असते. साडेतीन शतके उलटली म्हणून ‘हॅड बिगन’ होत नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला आणि चहा आत्ता पाच मिनिटांपूर्वी झाला, या दोन्ही गोष्टी इंग्रजीत त्याच साध्या भूतकाळात बसतात.

निदान झाले की उपाय फारसा अवघड राहत नाही. ‘हॅड’ आणि तिसरे रूप असे एकत्र लिहिले किंवा बोलले गेले की, तेथे थांबून स्वतःला मराठीत एकच प्रश्न विचारावा: कशाच्या आधी? या प्रश्नाला त्याच वाक्यात, किंवा निदान मागच्या-पुढच्या वाक्यात, भूतकाळातील एखाद्या घटनेचे किंवा क्षणाचे उत्तर मिळाले, तर ‘हॅड’ राहू द्यावे. उत्तर मिळाले नाही, तर ‘हॅड’ काढावे आणि क्रियापदाचे दुसरे रूप लिहावे. ‘आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग’: कशाच्या आधी? कशाच्याच नाही, फक्त सकाळी. म्हणून ‘आय कॉल्ड यू इन द मॉर्निंग’. ‘आत्ताच्या आधी’ हे उत्तर येथे धरायचे नाही; ते तर प्रत्येक भूतकाळाला लागू पडते, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेथेच फसतात.

ही कसोटी किती उपयोगी आहे, हे पाहण्यासाठी एक खरा मजकूर जवळून तपासू. रत्नागिरीत थिबा राजवाडा दाखवणाऱ्या एका विद्यार्थ्याने पर्यटकांसाठी इंग्रजीत काही ओळी लिहून आणल्या होत्या. ‘किंग थिबा हॅड कम टू रत्नागिरी इन 1886. द पॅलेस हॅड बीन कम्प्लीटेड इन 1910. ही हॅड डाइड हिअर इन 1916.’ इतिहास बरोबर होता. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला ब्रिटिशांनी पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवले, राजवाडा 1910 मध्ये पूर्ण झाला आणि 1916 मध्ये त्याचे येथेच निधन झाले. तिन्ही वाक्यांना ‘कशाच्या आधी?’ असे विचारले, तर तिन्ही ठिकाणी उत्तर सापडत नाही, कारण या घटना एकामागून एक, घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत. म्हणून ‘ही केम’, ‘द पॅलेस वॉज कम्प्लीटेड’, ‘ही डाइड’. त्यानंतर मी त्याला चौथे वाक्य तयार करायला सांगितले: राजा राजवाड्यात राहायला गेला, तेव्हा त्याने रत्नागिरीत वीसहून अधिक वर्षे काढली होती. येथे प्रश्नाला उत्तर आहे, कारण ती वर्षे राजवाड्यात जाण्याच्या आधीची आहेत. म्हणून ‘व्हेन ही मूव्ड इंटू द पॅलेस, ही हॅड ऑलरेडी स्पेंट मोअर दॅन ट्वेंटी यर्स इन रत्नागिरी’. चार वाक्यांपैकी एकालाच ‘हॅड’ मिळाले, आणि त्या एका वाक्यात त्याला पूर्ण वजन आले. सगळीकडे ‘हॅड’ वापरल्यावर हे वजन नाहीसे होते. माझ्या मते या चुकीने होणारे खरे नुकसान हेच आहे.

काही वाचक म्हणतील की, एवढ्याशा शब्दाने काय बिघडते? मराठी भाषकच नव्हे, तर ‘गया था’ म्हणणारे हिंदी भाषकही असेच इंग्रजी बोलतात, आणि आपल्याकडच्या कार्यालयांत सर्वांना सर्वांचे कळते. हे खरे आहे, आणि आपसांतील बोलण्यात कोणी एवढ्यासाठी अडवूही नये. अडचण येते ती हा संकेत ज्यांना ठाऊक नाही अशा माणसांशी लेखी व्यवहार करताना. तारकर्लीजवळ न्याहारी निवास चालवणाऱ्या एका ताईंनी परदेशी पाहुण्यांना पाठवलेला संदेश मला दाखवला. त्यात लिहिले होते: ‘वी हॅड ब्लॉक्ड द सी-साइड रूम फॉर यू ऑन मंडे. आय हॅड टोल्ड द बोटमन ऑल्सो.’ त्यांच्या मनातील मराठी वाक्य स्पष्ट होते: सोमवारीच खोली तुमच्यासाठी अडवून ठेवली होती, होडीवाल्यालाही सांगितले होते. पाहुण्यांचे उत्तर आले की, खोली आता उपलब्ध नाही का? त्यांची काही चूक नव्हती. ‘हॅड ब्लॉक्ड’ वाचल्यावर, अडवली होती खरी, पण पुढे काहीतरी घडले असावे, असा तर्क त्यांनी केला. मराठीतही ‘ठेवली होती’ या शब्दांना अशी छटा येऊ शकते. परंतु आपण ती स्वरावरून आणि संदर्भावरून ओळखतो, आणि परक्या भाषेतील दोन ओळींच्या संदेशात यांपैकी काहीच हाताशी नसते.

त्या संदेशाची दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते. सोमवार सांगायचा असेल, तर ‘वी रिझर्व्ड द सी-साइड रूम फॉर यू ऑन मंडे’. सोमवार महत्त्वाचा नसेल आणि खोली आजही त्यांच्याच नावावर आहे एवढेच सांगायचे असेल, तर ‘वी हॅव रिझर्व्ड द सी-साइड रूम फॉर यू’. पाहुण्यांना खरी काळजी याचीच असते, म्हणून येथे मी ‘हॅव’ निवडीन. ‘ब्लॉक्ड’ हा शब्द आपल्याकडच्या हॉटेल व्यवसायात रुळलेला असला, तरी बाहेरच्या माणसाला ‘रिझर्व्ड’ अधिक सुबोध वाटतो.

येथेच दुरुस्तीनंतर होणाऱ्या एका नव्या चुकीबद्दल सावध केले पाहिजे. ‘हॅड’ सोडा असे सांगितले की, काही जण सर्वत्र ‘हॅव’ लावू लागतात आणि ‘आय हॅव सेंट द ॲडव्हान्स यस्टरडे’ असे लिहितात. मराठीत ‘काल ॲडव्हान्स पाठवला आहे’ हे निर्दोष वाक्य आहे, म्हणून ही चूकही तितकीच स्वाभाविक आहे. पण इंग्रजीत ‘हॅव’ लावून केलेली रचना आजशी बांधलेली असते आणि संपून गेलेल्या काळाचा शब्द तिच्यात बसत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट मे’, ‘इन 2019’, ‘टू डेज अगो’ यांपैकी काहीही वाक्यात असले, तर ‘सेंट’ एवढेच पुरते. म्हणजे ‘कशाच्या आधी?’ या प्रश्नातून ‘हॅड’ बाहेर पडले की, ‘केव्हा?’ हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. संपलेली वेळ वाक्यात सांगितली असेल तर साधा भूतकाळ. वेळ सांगितलेली नसेल आणि घडलेल्या गोष्टीचा परिणाम आजही हाती असेल, तर ‘हॅव’. ‘ही हॅज गॉन टू मालवण’ म्हणजे तो अजून तेथेच आहे, आणि या एका बाबतीत आपले ‘गेला आहे’ आणि त्यांचे ‘हॅज गॉन’ पुष्कळ अंशी जुळतात.

‘हॅड’ काढल्यावर क्रियापदाच्या रूपाचे काय करायचे, हा भाग किरकोळ वाटतो, पण अर्धवट दुरुस्ती येथेच होते. ‘कॉल्ड’, ‘बुक्ड’, ‘रीच्ड’, ‘स्टेड’ अशा नियमित क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपे एकच असतात, म्हणून तेथे नुसते ‘हॅड’ खोडले की झाले. ज्यांची रूपे वेगळी आहेत, तेथे मात्र ‘आय गॉन’, ‘वी सीन’ अशी तुटकी वाक्ये उरतात. ‘गॉन’चे ‘वेंट’, ‘सीन’चे ‘सॉ’, ‘डन’चे ‘डिड’, ‘टेकन’चे ‘टुक’, ‘गिव्हन’चे ‘गेव्ह’, ‘रिटन’चे ‘रोट’, ‘बिगन’चे ‘बिगॅन’ आणि ‘कम’चे ‘केम’ ही आठ रूपे आधी तोंडात बसवावीत. रोजच्या व्यवहारातील बरीच वाक्ये त्यांत येतात. नकारात आणि प्रश्नात आणखी एक पायरी असते. ‘आय हॅड नॉट गॉन’ याचे ‘आय डिड नॉट गो’ होते. ‘डिड’ आले की भूतकाळ त्याने उचललेला असतो, म्हणून पुढे मूळ रूप येते. ‘आय डिड नॉट वेंट’ ही दुरुस्ती नसून दुसरी चूक असते.

‘कुठे गेला होतास?’ या प्रश्नाला मात्र शब्दाला शब्द लावून चालत नाही. ‘व्हेअर डिड यू गो?’ हे व्याकरणदृष्ट्या योग्य आहे, पण दारात उशिरा आलेल्या माणसाला आपण जे विचारतो ते इंग्रजीत ‘व्हेअर वेअर यू?’ किंवा ‘व्हेअर हॅव यू बीन?’ असे विचारले जाते. ‘जेवलात का?’ याचे ‘हॅड यू टेकन युवर लंच?’ असे केलेले मी पुष्कळदा ऐकले आहे. त्याऐवजी ‘हॅव यू हॅड लंच?’ असे म्हणावे.

या शेवटच्या वाक्यात ‘हॅड’ दिसताच काही विद्यार्थी ते खोडायला निघतात, आणि त्यामुळे पुढचा मुद्दा जरा विस्ताराने मांडणे भाग आहे. प्रत्येक ‘हॅड’ संशयित नसते. ‘मला ताप आला होता’ याचे ‘आय हॅड अ फीवर’ होते, आणि ते पूर्णपणे योग्य आहे, कारण तेथे ‘हॅड’ हे कोणाचेही सहायक नाही. तेच मुख्य क्रियापद आहे आणि ते साध्या भूतकाळात आहे. ‘वी हॅड लंच ॲट अ खानावळ निअर द जेटी’, ‘माय ग्रँडफादर हॅड अ मँगो ऑर्चर्ड इन देवगड’, ‘द हाउस हॅड अ टाइल्ड रूफ’ ही सारी वाक्ये तशीच ठेवावीत. ‘मला परत यावे लागले’ या अर्थाचे ‘आय हॅड टू कम बॅक’ हेही त्यातलेच. ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘हॅड’च्या लगेच पुढे दुसऱ्या क्रियापदाचे तिसरे रूप आले, तरच आपला प्रश्न विचारायचा, पुढे वस्तू, आजार, जेवण किंवा ‘टू’ आले, तर विचारायचा नाही. मध्ये ‘नॉट’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ किंवा ‘नेव्हर’ यांपैकी एखादा शब्द घुसला असेल, तर तो ओलांडून पुढे पाहावे. ‘दे हॅड हॅड ब्रेकफास्ट बिफोर द बोट अराइव्ह्ड’ यात दोन ‘हॅड’ शेजारी आहेत. पहिले सहायक, दुसरे मुख्य, आणि ‘कशाच्या आधी?’ याचे उत्तर ‘होडी येण्याच्या आधी’ असे वाक्यातच दिलेले असल्याने दोन्ही निर्दोष आहेत.

आता जेथे ‘हॅड’ हवेच, त्या जागा. माझा अनुभव असा की, महिनाभर ‘हॅड’ खोडत राहिलेला विद्यार्थी त्याला इतका बिचकतो की, खरी गरज असतानाही ते टाळतो, आणि मग अर्थाचा निराळाच घोटाळा होतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी मालवणच्या धक्क्यावरून होडी पकडावी लागते. ‘व्हेन वी रीच्ड द जेटी, द लास्ट बोट लेफ्ट’ आणि ‘व्हेन वी रीच्ड द जेटी, द लास्ट बोट हॅड लेफ्ट’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात आपण पोहोचलो आणि त्याच सुमारास होडी सुटली. धावलो असतो तर कदाचित मिळालीही असती. दुसऱ्यात आपण पोहोचण्यापूर्वीच ती निघून गेली होती. मराठीतही आपण ‘शेवटची होडी सुटली’ आणि ‘शेवटची होडी सुटली होती’ असा नेमका हाच फरक करतो. म्हणजे मराठीचे ‘होतो’ दोन कामे करते. एक काम म्हणजे झालेली, संपलेली गोष्ट सुटी सांगणे, आणि त्यासाठी इंग्रजीत साधा भूतकाळ पुरतो. दुसरे काम म्हणजे भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीची घटना दाखवणे, आणि त्यासाठीच इंग्रजीत ‘हॅड’ आहे. ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न याच दोन कामांना एकमेकांपासून वेगळे करतो. म्हणून तो तक्त्यातील व्याख्येपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल, तर घटनांचा क्रम त्या शब्दानेच कळतो, त्यामुळे ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टेशन’ असे साधे वाक्यही चालते. तेथे ‘हॅड’ लावले तरी चूक नाही.

‘त्यांनी सांगितले की पैसे भरले होते’ यासारख्या निवेदनातही ‘हॅड’ योग्य आहे, कारण पैसे भरणे हे सांगण्याच्या आधीचे आहे: ‘दे सेड दे हॅड पेड’. त्याचप्रमाणे ‘आधी कळवले असते, तर खोली ठेवली असती’ हे ‘इफ यू हॅड टोल्ड अस अर्लिअर, वी वुड हॅव केप्ट द रूम’ असे होते. येथे विद्यार्थी दोन्हीकडे ‘असते’ पाहून दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतात. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’, एवढे लक्षात ठेवावे.

लिहिताना ही चूक पकडता येते. बोलताना मात्र प्रश्न विचारायला सवड नसते, आणि ती पुन्हा पुन्हा उगवते ती तेथेच. यावर मला सर्वांत परिणामकारक वाटलेला उपाय म्हणजे वेळेचा शब्द वाक्याच्या आरंभी आणणे. ‘यस्टरडे’ म्हणून झाले की, पुढे ‘आय वेंट’ हे ‘आय हॅड गॉन’पेक्षा लवकर येते. आपण मराठीतही ‘काल मी…’ अशीच सुरुवात करतो, त्यामुळे हा क्रम परका वाटत नाही. रोज रात्री आदल्या दिवशीच्या पाच गोष्टी याच पद्धतीने मोठ्याने सांगाव्यात. ‘यस्टरडे मॉर्निंग वी प्लक्ड मँगोज. इन द आफ्टरनून माय ब्रदर टुक द बॉक्सेस टू द स्टेशन. ॲट फोर ही कॉल्ड मी.’ विषय स्वतःच्या घरातला आणि कामातला असावा. पुस्तकातील तयार वाक्ये म्हणून हा सराव होत नाही, कारण चूक मराठी विचारातून येते आणि पुस्तकातील वाक्याच्या मागे आपला मराठी विचार नसतो.

ऐकून ऐकून ही चूक आपोआप सुटेल, अशी आशा काही जण बाळगतात. त्यांना एक अडचण सांगितली पाहिजे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते बोलताना ‘आय हॅड लेफ्ट’मधील ‘हॅड’ इतके आखडून म्हणतात की ‘आयड लेफ्ट’ असे काहीसे ऐकू येते, आणि सवय नसलेल्या कानाला शेवटचा ‘ड’ लागतही नाही. तोच ‘ड’ ‘वुड’चाही असू शकतो. म्हणून ‘हॅड’ कोठे असते आणि कोठे नसते, हे केवळ चित्रपट पाहून उमगत नाही. त्यासाठी छापील मजकूर वाचावा आणि त्यातील प्रत्येक ‘हॅड’खाली रेघ मारून ‘कशाच्या आधी?’ याचे उत्तर समासात लिहावे. वर्तमानपत्रातील एखाद्या बातमीत ‘हॅड’ मोजकेच सापडते आणि जेथे सापडते तेथे उत्तर जवळच असते, हे स्वतः पाहिले की खात्री पटते.

स्वतःच्याच जुन्या संदेशांवरही हा प्रयोग करावा. फोनमधील पाठवलेल्या इंग्रजी संदेशांत ‘हॅड’ हा शब्द शोधावा आणि सापडलेले प्रत्येक वाक्य तपासावे. शुद्धलेखन तपासणारी साधने या कामी बहुधा उपयोगी पडत नाहीत, कारण ‘आय हॅड गॉन टू मालवण’ हे वाक्य रचनेने निर्दोष आहे. त्याचा दोष आजूबाजूच्या वाक्यांत दुसरी घटना नसण्यात आहे, आणि एकेक वाक्य सुटे पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी तर ही तपासणी आधीच करून ठेवावी, कारण स्वतःचा परिचय म्हणजे भूतकाळातील सुट्या घटनांचीच मालिका असते आणि ‘होतो’ तेथे प्रत्येक वाक्यात डोकावते. ‘मी 2022 मध्ये बी.कॉम. केले होते, नंतर दापोलीत एका दुकानात हिशेब पाहत होतो, तेव्हा टॅली शिकलो होतो’ हे मराठीत ठीक आहे. इंग्रजीत त्याचे ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2022. आफ्टर दॅट आय लुक्ड आफ्टर द अकाउंट्स ॲट अ शॉप इन दापोली, अँड आय लर्न्ट टॅली देअर’ असे होईल. त्यात ‘हॅड’ एकदाही येत नाही. मधल्या ‘पाहत होतो’साठी ‘वॉज लुकिंग आफ्टर’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते काम ठरावीक काळ करून संपले असल्याने साधे ‘लुक्ड आफ्टर’ अधिक नेटके वाटते. दुकानात लागण्यापूर्वीच टॅली येत असेल आणि ते आवर्जून सांगायचे असेल, तर मात्र ‘आय हॅड ऑलरेडी लर्न्ट टॅली व्हेन आय जॉइन्ड द शॉप’ असे म्हणावे, आणि त्यातील ‘हॅड’ जरा ठासून उच्चारावे, म्हणजे समोरच्याला ते नीट ऐकू जाईल.